जुन्या ट्रकचा एअर फिल्टर सारखा चोक होतोय? धुऊन वापरायचा घ्यावा की पेपरचा, हे ठरवण्याआधी एवढं तपासा

"धुऊन वापरायचा फिल्टर घेऊ की पेपरचाच टाकू?" असं कोणी विचारलं, की त्यामागे बहुतेक वेळा दुसरीच तक्रार असते. गाडी ओढत नाही, धूर मारते, नवा फिल्टर टाकला की थोडे दिवस बरी चालते आणि मग पुन्हा तेच. मालकाला वाटतं, फिल्टरचा प्रकार बदलला की कटकट संपेल. ही तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे की आता फिल्टरकडे शेवटी बघतो. आधी बघतो तो त्याचा डबा, रबरं, क्लॅम्प आणि पाइप. दोष तिथे असेल तर कोणताही फिल्टर टाका, फरक पडत नाही.

पुढचं सगळं मुख्यतः जुन्या डिझेल ट्रकबद्दल आहे: मेकॅनिकल डिझेल पंपाचे, टर्बोचे आणि बिनटर्बोचेही. जिथे इलेक्ट्रॉनिक इंजिनाचा मुद्दा वेगळा पडतो तिथे तसं म्हटलं आहे.

लक्षणं

फिल्टरच्या भागात दोन प्रकारचे बिघाड होतात आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकात हवा कमी पडते. दुसऱ्यात हवा भरपूर मिळते, पण गाळल्याशिवाय. पहिला बिघाड आरडाओरडा करतो, दुसरा गुपचूप इंजिन खातो.

हवा कमी पडत असेल तर:

- लोडवर, चढावर काळा धूर. रिकामी गाडी मात्र ठीक चालते.
- पिकअप गेलेला, वरच्या गिअरमध्ये गाडी दम खाते.
- डिझेल जास्त लागतं.
- फिल्टर बुजल्याचं दाखवणारा इंडिकेटर असेल तर तो लाल पट्ट्यावर.
- टर्बोच्या गाडीत कधीकधी टर्बोच्या हवेच्या बाजूला तेलाचा ओलावा. फिल्टरमध्ये हवा अडली की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि सीलमधून तेल खेचलं जातं. अशा वेळी टर्बो गेला म्हणून तो उतरवला जातो आणि खरा गुन्हेगार जागच्या जागी राहतो.

धूळ आत जात असेल तर:

- ऑइल खाणं हळूहळू वाढतं, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) वाफ जास्त येते, सकाळी निळसर धूर दिसतो.
- कॉम्प्रेशन उतरतं, स्टार्टिंगला वेळ लागतो.
- फिल्टर काढला तर त्याच्या पुढचा, म्हणजे इंजिनकडचा पाइप आतून खरखरीत लागतो.
- आणि सगळ्यांत फसवं लक्षण: धुळीच्या रस्त्यावर चालूनही फिल्टर कधी चोकच होत नाही. लोक यावर खूश असतात. मला मात्र अशी गाडी पाहिली की काळजी वाटते. धूळ फिल्टरवर बसत नाही याचा अर्थ ती दुसऱ्या वाटेने जाते आहे.

काळ्या धुराचं कारण दरवेळी फिल्टरच असतं असं नाही. डिझेल फवारणारं नोझल खराब असणं, चुकलेला पंप टायमिंग, टर्बोनंतरच्या पाइपातली गळती यांनीही तोच धूर येतो. पण फिल्टरची तपासणी फुकट होते आणि नोझल-पंप खोलायला पैसे लागतात, म्हणून सुरुवात इथून.

हवेचा हिशेब

चार स्ट्रोकचं, ६ लिटरचं बिनटर्बो इंजिन २४०० आरपीएमवर मिनिटाला जवळपास ७,००० लिटर हवा ओढतं. टर्बो असेल तर त्याहून जास्त. १ लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी १०,००० लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त घेतं. मेकॅनिकल पंपाला हवा कमी आली आहे हे बहुतेक कळत नाही. तो गव्हर्नर (पंपातला वेग सांभाळणारा भाग) सांगेल तितकं डिझेल टाकत राहतो. न जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. हाच तो काळा धूर.

धुळीचा हिशेब याहून कडक आहे. समजा, फिल्टरपर्यंत १,००० ग्रॅम धूळ आली. ९९.९ टक्के गाळणारा फिल्टर त्यातली १ ग्रॅम आत सोडतो. ९९ टक्केवाला १० ग्रॅम. ९७ टक्केवाला ३० ग्रॅम. फिल्टरच्या खोक्यावर छापलेले हे आकडे सारखेच वाटतात, पण रिंग आणि लायनरच्या दृष्टीने त्यात दहापट, तीसपट फरक आहे. फिल्टर निवडताना हा हिशेब डोक्यात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

पहिली तपासणी: हत्यार न लावता

इंजिन बंद, किल्ली काढलेली, हँडब्रेक लावलेला. केबिन उचलावी लागत असेल तर तिचं लॉक पक्कं बसल्याशिवाय खाली डोकं घालू नका.

आधी हवा जिथून आत शिरते ते तोंड बघा. पावसाची टोपी चेपली आहे का, जाळीवर पालापाचोळा, प्लॅस्टिकची पिशवी, किड्यांचं घर आहे का? जुन्या ट्रकवर बॉडीचं काम झालेलं असतं आणि त्यात हे तोंड कुठेतरी भलत्याच ठिकाणी वळवलेलं असतं. मागच्या चाकांच्या धुळीत किंवा सायलेन्सरच्या जवळ. सायलेन्सरची काजळी अतिशय बारीक आणि चिकट असते. पेपर फिल्टर तिने फार लवकर बुजतो आणि झटकून ती निघत नाही. एलिमेंट, म्हणजे डब्यातला गाळणारा भाग, करड्या धुळीऐवजी काळाकुट्ट होत असेल तर तोंडाची जागा बदलणं हाच उपाय आहे.

मग इंडिकेटर. छोटा पारदर्शक प्लॅस्टिकचा, फिल्टरच्या डब्यावर किंवा पुढच्या पाइपावर बसवलेला असतो. हवा अडली की त्यातला लाल पट्टा वर येतो आणि तिथेच अडकून राहतो. बटण दाबून परत खाली पाठवायचा. जुन्या गाड्यांत तो बहुधा मेलेला असतो. काढून स्वच्छ नळीने तोंडाने हळू ओढून बघा, पट्टा हलला पाहिजे. हलला नाही तर नवा टाका. या सगळ्या कामात सगळ्यांत कमी पैशांत सगळ्यांत जास्त फायदा देणारी वस्तू हीच, आणि सगळ्यांत दुर्लक्षितही हीच.

इंडिकेटरला एवढं महत्त्व का, ते सांगतो. पेपर फिल्टर नवा असताना जितकं गाळतो त्यापेक्षा थोडी धूळ बसल्यावर जास्त चांगलं गाळतो, कारण बसलेल्या धुळीचा थर स्वतःच गाळणीचं काम करतो. त्यामुळे नुसता मळका दिसतो म्हणून फिल्टर काढणं, झटकणं, हवा मारणं यात तोटाच आहे. शिवाय डबा जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा थोडी धूळ स्वच्छ, म्हणजे इंजिनकडच्या, बाजूला पडते आणि रबर नीट न बसण्याची शक्यता वाढते. रंग बघून नाही, ओढ मोजून ठरवायचं.

दुसरी: डब्याखालची रबरी चोच

ज्या डब्यात हवा गोल फिरवून जड धूळ आधीच बाजूला काढायची सोय आहे, त्याच्या तळाला एक रबरी डस्ट व्हॉल्व असतो. चोचीसारखा, ओठ मिटलेले. इंजिनाच्या झटक्यांनी तो उघडमीट होतो आणि साठलेली धूळ खाली पडते. बोटांनी दाबून बघा. मऊ पाहिजे, ओठ पूर्ण मिटले पाहिजेत, आत चिखल अडकलेला नको.

हा बुजला असेल तर खाली पडायची धूळ पुन्हा फिरून एलिमेंटवरच जाते. फाटला किंवा गायब असेल तर डबा तिथूनच हवा खेचतो, फिरकीचं काम बिघडतं आणि वर रस्त्याची धूळही चढते. दोन्ही वेळा एलिमेंट लवकर चोक होतो. हा व्हॉल्व एलिमेंटच्या आधी, मळक्या बाजूला असतो, त्यामुळे तो फाटल्याने थेट इंजिनात धूळ जात नाही. पण "नवा फिल्टर टिकतच नाही" या तक्रारीमागे मला सर्वांत जास्त वेळा हाच सापडला आहे. काही जण धूळ शिरू नये म्हणून इथे चिंधी बांधतात. म्हणजे बुजवण्याचंच काम स्वतःच्या हाताने केलं.

तिसरी: डबा उघडून स्वच्छ बाजू बघा

उघडण्याआधी डबा बाहेरून पुसून घ्या. एलिमेंट सावकाश, न आपटता काढा.

आता एलिमेंट बाजूला ठेवा आणि तो जिथे टेकतो ती जागा बघा. गॅस्केटचा ठसा सगळीकडून सारखा उमटलेला पाहिजे. ठशावरून आत जाणारी धुळीची बारीक रेघ दिसली, तर गळती तिथेच आहे. जुन्या डब्यांत एलिमेंट मध्यभागी विंग नटने दाबलेला असतो. त्या नटाखालचा रबरी वॉशर हरवून कोणीतरी साधा लोखंडी वॉशर घातलेला असतो, आणि धूळ आट्यांवरून सरळ आत जाते. हा वॉशर अगदी किरकोळ किमतीचा आणि नुकसान अख्ख्या इंजिनाचं.

डब्याचा पत्रा चेपला आहे, गंजून भोक पडलं आहे, झाकण वाकडं बसतं, क्लिप सैल आहे. हेही याच वेळी बघा. एलिमेंटचा गॅस्केट कडक होऊन चपटा झाला असेल तर तो पेपर कितीही चांगला असो, निकामी. आणि गॅस्केट बसत नाही म्हणून त्यावर सिलिकॉन लावू नका. पुढच्या वेळी ते सोलून निघतं आणि त्याचे तुकडे स्वच्छ बाजूला पडतात.

शेवटी पुढच्या पाइपात पांढरं स्वच्छ कापड फिरवा. कापडावर करडी, बोटांना कचकच लागणारी धूळ आली, तर फिल्टरच्या प्रकाराची चर्चा तिथेच थांबवा. आधी गळती शोधा.

चौथी: एलिमेंट, प्रकारानुसार

*पेपर.* अंधाऱ्या जागी एलिमेंटच्या आत बल्ब किंवा टॉर्च धरून गोल फिरवा. प्रकाश सगळीकडून मंद आणि सारखा दिसला पाहिजे. टाचणीच्या टोकाएवढा जरी लख्ख ठिपका दिसला, तरी एलिमेंट बाद. घड्या एकमेकींना चिकटल्या असतील, कागद ओला होऊन वाळलेला असेल, बाहेरची जाळी चेपली असेल तरीही बाद.

कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय जवळपास प्रत्येक ठिकाणी आहे. गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तरच मारा, तीही ३० पीएसआयच्या आत, नोझल लांब धरून, आतून बाहेर. जास्त दाबाच्या हवेने कागदाची छिद्रं मोठी होतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. चाकाला किंवा बंपरला आपटून झटकणं तर अजून वाईट. टोकाची पट्टी वाकते आणि सील जातं. साधा पेपर पाण्याने धुऊ नका.

आत दुसरा छोटा एलिमेंट असेल, तर तो सेफ्टी एलिमेंट. बाहेरचा फाटला तर इंजिन वाचवायला आणि बदलताना धूळ आत पडू नये म्हणून तो असतो. तो कधीही साफ करायचा नाही. बाहेरचा तीन वेळा बदलला की हा एकदा बदलायचा. बाहेरचा नीट असून आतला मळलेला सापडला, तर बाहेरच्याचं सील गळतं आहे असं समजा.

*तेल लावलेला कॉटन.* धुऊन वापरायच्या फिल्टरांत हा सर्वांत जास्त विकला जातो. तारेच्या जाळ्यांमध्ये सुती कापडाचे थर आणि त्यावर चिकट तेल. गाळण्याचं काम तेलाच्या चिकटपणावर चालतं. तेल वाळलं की बारीक धूळ आरपार जाते. रंग सगळीकडे सारखा पाहिजे. कुठे पांढरट डाग म्हणजे तिथे तेल नाही. धुताना त्याच्यासाठीचंच क्लीनर, कमी दाबाचं पाणी, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. मग सावलीत आपोआप वाळू द्या. हवा मारून किंवा उष्णता देऊन वाळवलात तर कापड आक्रसतं, धागे सरकतात. पेट्रोल तर वापरूच नका: आगीचा धोका आहेच, शिवाय ओल्या फिल्टरमधली वाफ डिझेल इंजिनात गेली तर ते बेफाम पळू शकतं. तेल थोडंच लावायचं, मुरायला वेळ द्यायचा, मग कोरडी राहिलेली जागा भरायची.

ज्या गाडीत हवा मोजणारा गरम तारेचा सेन्सर आहे, तिथे जास्तीचं तेल त्या तारेवर जाऊन बसतं आणि रीडिंग चुकतं. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या ट्रकांत हा सेन्सरच नसतो, त्यामुळे ती भीती त्यांना लागू नाही.

*फोम.* वय झालं की हातात घेताच भुगा होतो. दाबून बघा, तुकडे पडत असतील तर लगेच काढा, नाहीतर ते इंजिनात जातील.

*ऑइल बाथ.* खूप जुन्या ट्रकांतला. हवा खाली येऊन तेलाच्या पृष्ठभागावरून उलटी वळते, जड धूळ तेलात पडते, राहिलेली वरच्या ओल्या जाळीत अडकते. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर पातळी बघा, कारण जाळीतलं तेल खाली उतरायला वेळ लागतो. खुणेच्या खाली असेल तर धूळ भिजत नाही. खुणेच्या वर असेल तर तेल इंजिनात खेचलं जातं, आणि डिझेल इंजिन त्या तेलावरच पळू लागलं तर पंप बंद करूनही थांबत नाही. 'थोडं जास्त घातलेलं बरं' हा विचार इथे धोक्याचा आहे. तळाला गाळ साचून तेल घट्ट झालं की पूर्ण बदला, वरची जाळीही धुवा. ही जाळी वर्षानुवर्षं कोणी काढलेलीच नसते. ऑइल बाथची मूळ मर्यादा अशी की हवेचा वेग कमी असताना, म्हणजे आयडलवर, तो कमी गाळतो. तासन्‌तास उभं राहून इंजिन चालू ठेवणाऱ्या गाडीला तो योग्य नाही.

पाचवी: फिल्टर ते इंजिन, मधला सगळा रस्ता

इथे थोडा वेळ द्या. फिल्टरनंतर जिथे फट असेल, तिथून ओढलेली हवा गाळलेली नसते. रबरी होज वाकवून बघा; सरळ असताना चीर दिसत नाही, वाकवल्यावर उघडते. होजच्या खालच्या बाजूला, जिथे तो ब्रॅकेटवर घासतो, तिथे हात फिरवा. क्लॅम्प नुसता आवळलेला आहे म्हणून समाधान मानू नका. जुन्या पत्र्याचा पाइप लंबगोल झालेला असतो आणि एका बाजूला फट राहते.

एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरला हवा देणारी नळी बऱ्याच ट्रकांत याच स्वच्छ बाजूच्या पाइपातून काढलेली असते. ती सुटलेली किंवा तडकलेली असेल तर दुहेरी नुकसान: इंजिनालाही धूळ आणि कॉम्प्रेसरलाही. या नळीकडे फिल्टरचं काम करणारा बघत नाही, कारण ती ब्रेकची. ब्रेकवाला बघत नाही, कारण ती इंजिनाची.

गळती आहे असा संशय आहे पण सापडत नाही, अशा वेळी एक जुनी युक्ती कामाला येते. प्रत्येक जोडाच्या पुढे पाइपाच्या आतल्या बाजूला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जाड थर नको, गोळा सुटून जायला नको. काही दिवस गाडी चालवून पुन्हा उघडा. ज्या जोडापासून पुढे ग्रीसवर धूळ चिकटायला सुरुवात झाली, तो जोड गुन्हेगार. काम झालं की ग्रीस पुसून काढा.

इंजिन चालू ठेवून होजभोवती ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत पेट्रोल गाड्यांवरून आली आहे. डिझेलवर ती करू नका.

होज आतून सुटलेला असणं हाही एक चकवा आहे. बाहेरून धडधाकट, पण आतला थर सुटून लोडवर ओढीने मिटतो. गाडी उभी असताना काही दिसत नाही, चढावर मात्र दम लागतो. आत टॉर्च टाकून बघितल्याशिवाय कळत नाही.

सहावी: ब्रीदर

एलिमेंट तेलकट होऊन बुजत असेल तर क्रँककेसचा ब्रीदर कुठे सोडला आहे ते शोधा. त्याची वाफ हवेच्या तोंडाशी जात असेल तर कागद तेल पितो आणि त्यावर धूळ लगद्यासारखी बसते. नळीची दिशा बदलणं सोपं आहे. पण वाफ मुळातच जास्त येत असेल, तर रिंगांतून गॅस खाली उतरतो आहे. ते फिल्टर बदलून सुटणार नाही.

सातवी: ओढ मोजणे

एवढं करूनही शंका राहिली तर इंडिकेटरच्या जागी पाण्याच्या इंचात मोजणारा व्हॅक्यूम गेज लावा. बऱ्याच डिझेल इंजिनांसाठी बदलायची मर्यादा बिनटर्बोला २० इंच आणि टर्बोला २५ इंच पाणी, म्हणजे साधारण ५ आणि ६.२ किलोपास्कल असते. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

मोजायची वेळ महत्त्वाची. बिनटर्बो डिझेल जागेवर पूर्ण रेस केलं तरी पुरेशी हवा ओढतं, रीडिंग चालतं. टर्बोवाल्यात मात्र लोड नसेल तर टर्बो पूर्ण फिरत नाही. रीडिंग खोटं कमी येतं. ते पूर्ण लोडवर, चालत्या गाडीतच घ्यावं लागतं. गेज केबिनमध्ये असा बांधा की चालवणाऱ्याऐवजी शेजारचा वाचेल.

नवा एलिमेंट बसवून आलेलं पहिलं रीडिंग डब्यावरच मार्करने लिहून ठेवा. नवा एलिमेंट असूनही रीडिंग मर्यादेच्या जवळ असेल, तर अडथळा एलिमेंटमध्ये नाही. हवेच्या तोंडात, टोपीत किंवा पाइपात आहे, किंवा लहान मापाचा एलिमेंट बसवलेला आहे. हे ताडून पाहायला फिल्टर काढून गाडी रस्त्यावर नेऊ नका. अगदी थोड्या अंतरासाठीही नाही.

इथे हात थांबवा

खालीलपैकी काही दिसलं तर पुढचं काम डिझेल इंजिनाच्या किंवा टर्बोच्या जाणकाराचं आहे.

इंजिन थंड आणि बंद असताना टर्बोच्या तोंडातून पाती बघा. कडा झिजून बोथट झाल्या असतील, खड्डे पडले असतील, तर धूळ बऱ्याच काळापासून जाते आहे. दांडा आडवा किंचित हलतो, ते चालतं. पण पाती घराला घासल्याच्या खुणा असतील किंवा दांडा आत-बाहेर जाणवण्याइतका सरकत असेल, तर गाडी चालवू नका. पातं तुटलं तर तुकडे इंजिनात जातात.

ब्रीदरची जोरदार वाफ आणि निळा धूर दोन्ही असतील तर कॉम्प्रेशन आणि ब्लो-बाय (रिंगांतून खाली उतरणारा गॅस) मोजून घ्या. इंजिन ऑइल तपासणीला देता येत असेल तर जरूर द्या: अहवालात सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही वाढलेले दिसले तर ती बहुधा बाहेरची धूळ. एकटं सिलिकॉन वाढलं असेल तर नुकत्याच लावलेल्या सीलंटमुळेही असू शकतं, घाबरून इंजिन उघडू नका.

फिल्टरचा सगळा रस्ता नीट आहे, गेजचं रीडिंग कमी आहे आणि तरी काळा धूर येतो, तर नोझल, पंप आणि टर्बोनंतरच्या पाइपांकडे वळा. पंपाचा स्क्रू स्वतः फिरवून धूर कमी करायच्या भानगडीत पडू नका. आणि इंजिन कधी आपोआप बेफाम पळायला लागलं, तर लांब व्हा. हवेच्या तोंडावर हात किंवा फडकं धरायचा प्रयत्न करू नका. हवा बंद करायची झडप बसवलेली असेल तर ती ओढा, नसेल तर माणसं दूर करा.

आता निवड

रस्ता नीट असल्याची खात्री झाली, तरच हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. माझं मत स्पष्ट आहे: धुळीत राबणाऱ्या जुन्या डिझेल ट्रकला चांगल्या बनावटीचा पेपर, चालू स्थितीतला इंडिकेटर आणि ताजी रबरं. ट्रकसाठीचे चांगले पेपर एलिमेंट ९९.९ टक्क्यांच्या आसपास किंवा वर गाळतात. तेलकट कॉटनचे आकडे साधारण ९६ ते ९९ च्या दरम्यान सांगितले जातात. वर केलेला ग्रॅमचा हिशेब इथे लावा. घेताना आयएसओ ५०११ या पद्धतीने तपासलेला आकडा विचारा. तो मिळत नसेल तर दोन फिल्टरांची तुलनाच होत नाही.

कॉटनवाल्याची बाजूही मांडतो. नवा असताना त्याची ओढ कमी असते आणि हिशेबाने धुतला तर वर्षानुवर्षं टिकतो. पण ट्रकचा मूळ डबा मोठा आणि पेपर योग्य मापाचा असेल, तर इंजिनाला ती कमी झालेली ओढ जाणवत नाही. मर्यादेपासून दोघंही लांबच असतात. डिझेल वाचेल म्हणून घेत असाल तर अपेक्षा कमी ठेवा. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्यांना फिल्टर बुजल्याचा इंधनाच्या खर्चावर फारसा परिणाम झालेला दिसला नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोलच्या) गाडीत मात्र काही टक्के फरक पडला. म्हणजे बुजलेला फिल्टर बदलून जुन्या गाडीत फायदा होऊ शकतो. चांगल्या पेपरऐवजी कॉटन टाकून होतो, असा त्याचा अर्थ नाही.

मग धुऊन वापरायचा कोणी घ्यावा? ज्याची गाडी डांबरी रस्त्यावर, कमी धुळीत चालते. जी फिल्टर वाळेपर्यंत उभी राहू शकते, किंवा ज्याच्याकडे बदली दुसरा कॉटन तयार आहे. आणि जो धुणं-तेल लावणं स्वतः करतो, कोणावर सोडत नाही. जुन्या मॉडेलचा पेपर मिळतच नसेल तेव्हाही तो वापरावा लागतो. पण गॅस्केटची जागा नीट मापाची असेल तरच. 'बसतो' आणि 'सील होतो' यांत फरक आहे: झाकण लावायच्या आधी गॅस्केटवर खडूचा हात मारा, आवळा, परत काढा आणि ठसा पूर्ण गोल उमटला का बघा.

ऑइल बाथची गाडी पेपरवर आणायची असेल तर डबा इंजिनाच्या हवेच्या मापाचा घ्या, लहान गाडीचा नको. बदलल्यावर पूर्ण लोडवर गेज लावून एकदा रीडिंग घ्या, ते डब्यावर लिहा, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर एकदाच उघडून गॅस्केटचा ठसा आणि पुढचा पाइप बघा. पाइप स्वच्छ निघाला तर इंडिकेटर लाल होईपर्यंत डब्याला हात लावायचं कारण नाही.